कर्जमाफी की कर्जमुक्ती?

प्रश्न असा आलाय की कर्जमाफी आणि कर्जमुक्ती हे एकच का, आणि लिहिताना कुठला शब्द बरोबर. डिक्शनरीपुरतं बोलायचं तर दोन्ही बरोबर, पण हा प्रश्न डिक्शनरीत सुटणारा नाहीये, कारण यातला एक शब्द सरकारी भाषेतून आलाय आणि दुसरा एका आंदोलनाने मुद्दाम त्याच्यासमोर उभा केलाय.

माझे मामा खेड तालुक्यातले, चाकणच्या जवळचे, शेतकरी संघटनेचा तो लाल गोल बिल्ला शर्टावर लावून फिरणारे. शाळेत असताना मी त्यांच्यापुढे कर्जमाफी म्हणालो तर ताडकन म्हणाले, "माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला?" मला तेव्हा घंटा काही कळलं नव्हतं, शब्दाला शब्द, एवढं काय चिडायचं.

नंतर कळलं की मामांचं ते वाक्य संघटनेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वित्झर्लंडमधली बर्नची नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेऊन स्वतः शेती केली, आणि हिशोब मांडला की शेती तोट्यात जाते ती शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून नाही, तर लेव्ही (सरकारने सक्तीने स्वस्तात करायची खरेदी), निर्यातबंदी असल्या धोरणांनी भाव मुद्दाम पाडला जातो म्हणून. मग त्या तोट्यातून झालेलं कर्ज शेतकऱ्याचं कसं? आधी सरकारनेच खिशातून काढून घेतलंय. म्हणून 'माफी' नाही, 'मुक्ती'. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा पण त्याच हिशोबातली. 'मुक्ती' हा तसा त्यांचा आवडता शब्द असावा, नंतर बायकोच्या नावावर जमीन करून द्यायच्या कार्यक्रमाला पण लक्ष्मीमुक्तीच नाव दिलं.

त्याच काळात 'उलटी पट्टी' हा शब्द पण शहरातल्या लोकांपर्यंत पोचला. पट्टी म्हणजे आडत्या, बाजारातला दलाल, माल विकून जो हिशोबाचा कागद देतो तो, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून मालाच्या पैशापेक्षा खर्चच जास्त निघाला की पट्टी उलटी, म्हणजे माल देऊन वर खिशातले पैसे द्यायचे. पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता भाषेच्या बाजूने बघितलं तर, मामांची माफी मागून, 'माफी'चा अर्थ फक्त गुन्ह्याची क्षमा एवढाच नाहीये. माफ हा शब्द अरबी-फारसीतून आलाय आणि सूट या अर्थाने मराठीत चांगला मुरलेला आहे. दुष्काळात शेतसारा माफ व्हायचा, शाळेत नादारीवाल्याची फी माफ व्हायची, त्या पोराने काय गुन्हा केलेला असायचा? टोलमाफी मागणारा पण काही कबुलीजबाब देत नाही. म्हणजे संघटनेचा आक्षेप शब्दार्थावर टिकत नाही. पण तरी मला तो बरोबरच वाटतो, कारण फी माफ करणारा उपकार करतो हे त्यात असतंच, आणि भांडण नेमकं त्या उपकाराशी होतं.

(कोणी शुद्धीवाला म्हणेल की कर्ज अरबी आणि मुक्ती संस्कृत, हा संकर झाला, ऋणमुक्ती म्हणा. पण मराठीत ऋण आता बँकेचं राहिलेलंच नाही, ते आईवडिलांचं, गुरूचं असतं, गावच्या पतपुरवठा सोसायटीचं असतं ते कर्ज.)

१९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन झालं, रस्ते अडले, रेल्वे अडली. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं. आणि मग १९९० ला व्ही. पी. सिंगांच्या सरकारने दहा हजारापर्यंतची कर्जं सोडली, जोशी त्याच सरकारच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष. आंदोलनाचा कळस म्हणा हवं तर, पण माझ्या मते ओहोटी पण तिथूनच धरायला हवी, कारण मागणी होती भावाची आणि पदरात पडलं ते कर्जाचं, आणि दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना कळलं की हे देणं सोपं आहे. भाव बांधून द्यायला, निर्यात खुली करायला धोरण बदलावं लागतं, कर्ज सोडायला निवडणूक जवळ आली की पुरतं. उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते टिकैत यांच्याशी तर १९८९ लाच फाटलं होतं, बाकीचं मग भराभर, डंकेल प्रस्तावाच्या (जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या) वेळी जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने आणि बाकी बहुतेक विरोधात, १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तो काही चालला नाही, २००४ ला भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर ते राज्यसभेत गेले, त्याच सुमाराला राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी झाली, मग तिच्यातून पण सदाभाऊ खोतांची हकालपट्टी झाली. संघटना हा शब्द आणि फुटणे हे क्रियापद एकत्रच यायला लागले.

शब्द मात्र टिकला, आणि कुठे टिकला बघा. २०१७ ला पुणतांब्याहून शेतकरी संप सुरू झाला त्यानंतरच्या योजनेचं नाव 'सन्मान योजना', आणि २०१९ च्या शेवटी आली ती चक्क 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना', दोन लाखापर्यंत. ज्या सरकारविरुद्ध तो शब्द घडवला त्याच सरकारने तो योजनेच्या नावात घेऊन टाकला, आतला अर्थ मात्र माफीचाच ठेवून. त्यात जे नियमित फेडतात त्यांच्यासाठी ना माफी ना मुक्ती, तर 'प्रोत्साहनपर' पन्नास हजार, म्हणजे एकदम बक्षीस समारंभ. सभांमधून तिसराच शब्द ऐकू येतो, 'सातबारा कोरा', कारण कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात चढतो, तो निघाला की झालं. मला विचाराल तर तिन्हीत हा सगळ्यात प्रामाणिक, यात ना गुन्हा ना मोक्ष, फक्त कागद.

तर लिहिताना असं करा, सरकारने कर्ज सोडलं ही बातमी असेल तर कर्जमाफी लिहा, योजनेचं नाव असेल तर जे आहे तेच लिहा, आणि संघटनेची मागणी सांगत असाल तर कर्जमुक्तीच लिहा, तिथे माफी लिहिलंत तर त्यांचं म्हणणंच पुसून टाकल्यासारखं होईल.

२०२० मध्ये मामांचा फोन आला, केंद्रावर जाऊन अंगठा लावून आलो, माफीत बसलं. मी म्हटलं मामा, मुक्ती ना? तर म्हणाले, "हां हां, तेच ते."