‘म्हणे’ आणि सनद

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी दादीशी फोनवर बोलणे झाल्यावर तू विचारलेस, की मराठीत वाक्याच्या शेवटी आपण ‘म्हणे’ का लावतो आणि ‘दापोलीला फार पाऊस झाला म्हणे’ असे दादी म्हणते तेव्हा ती खरे सांगत असते की खोटे. हे मी पाहिलेले नाही, कानावर आले आहे, एवढेच ती प्रामाणिकपणे सांगत असते. मात्र ते कोणाकडून कानावर आले, हे ‘म्हणे’तून कळत नाही. पावसाच्या बातमीला तेवढे चालते. पैगंबर काय म्हणाले हे सांगताना ते चालणार नाही, असे पहिल्या काही शतकांतील मुस्लिम विद्वानांनी ठरवले, आणि तुझ्या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, वर्गात प्रत्येक वचनाआधी नावांची जी लांबलचक माळ येते ती त्यामुळेच.

त्या माळेला सनद म्हणतात. आपल्याकडे इनामाच्या जमिनीची जी सनद असते, तिच्यातला शब्दही हाच अरबी शब्द आहे. इराकमधल्या बसऱ्याचे विद्वान इब्न सीरीन (मृत्यू 729) यांचे म्हणणे ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत दिले आहे: आधी कोणी सनद विचारत नसे, पण आपसांत यादवी माजल्यावर लोक म्हणू लागले, ‘तुमच्या माणसांची नावे सांगा’. नावे कळली की प्रत्येकाची चौकशी होई. माणूस सचोटीचा आहे का, त्याची स्मरणशक्ती पक्की आहे का, म्हातारपणी ती ढासळली का, आणि ज्याचे नाव तो घेतो त्याला तो खरोखर भेटला होता का? या शेवटच्या प्रश्नावर हदीसचे प्रसिद्ध संग्राहक इमाम बुखारी (810–870) फार काटेकोर होते. दोघे एकाच काळात होते, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. भेटीचा पुरावा त्यांना हवा असे.

मला सर्वांत भावतात ते बसऱ्याचे शुअबा (मृत्यू 776). वुजूविषयीची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याविषयीची, एक हदीस त्यांनी कूफ्याच्या अबू इसहाक यांच्याकडून ऐकली आणि ‘तुमच्या आधीच्या माणसाने ती प्रत्यक्ष ऐकली होती का?’ असे विचारले, तेव्हा अबू इसहाक रागावले. तो आधीचा माणूस मक्केत आहे असे कळताच शुअबा मक्केला गेले. त्याने मदीनेतल्या एकाचे नाव सांगितले, म्हणून ते मदीनेला गेले. मदीनेतला म्हणाला, ‘ही तर तुमच्याच गावची, बसऱ्याच्या जियादकडून आली आहे’. शुअबा बसऱ्याला परतले, आणि जियादने ज्याचे नाव घेतले त्या शहर बिन हौशब नावाच्या माणसावर शुअबांचा मुळीच विश्वास नव्हता. ही हदीस खरी निघाली असती, तर ती मला घरादारापेक्षा प्रिय झाली असती, असे ते हळहळून म्हणाले. हा प्रसंग खतीब बगदादी (मृत्यू 1071) यांनी नोंदला आहे. मीही तुला नाव न सांगता काही सांगू नये, म्हणून हे लिहिते.

चौकशी घरच्यांनाही चुकत नसे. बुखारींचे गुरू अली इब्न अल-मदीनी (मृत्यू 849) यांना लोकांनी त्यांच्या वडिलांविषयी विचारले. ‘दुसऱ्या कोणाला विचारा’, असे त्यांनी आधी सांगितले. लोकांनी आग्रह धरला तेव्हा मान खाली घालून ते म्हणाले, हा धर्माचा प्रश्न आहे. माझे वडील या बाबतीत कच्चे आहेत.

आता तुझ्या ‘म्हणे’कडे येते. सनद कच्ची असेल तेथे ‘पैगंबर म्हणाले’ असे न लिहिता ‘युर्वा’, म्हणजे ‘असे सांगितले जाते’, असे लिहिण्याची रीत या विद्वानांमध्ये रुजली. म्हणजे ‘म्हणे’ त्यांच्याकडेही होते. ते वाचल्यावर जाणता वाचक सावध होई.

पुढच्या रविवारी दादीला विचार, पावसाचे कोणी सांगितले. ती नाव सांगेल, आणि त्या माणसाची सगळी हकीकतही सांगेल.

तुझी,
अम्मी