गोऱ्ह्यांचा रकाना

सातारा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या गोठ्याचा प्रकल्प अहवाल दोनदा वाचला. कराडजवळच्या मळ्यात होल्स्टीन या विदेशी जातीच्या दहा संकरित गाई, उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) घरचेच, दुधाला फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) दर, हे सारे तू नेटके मांडले आहेस. दहाही गाई दरवर्षी वितील हे जरा आशावादी आहे, पण ते असो. जन्मणाऱ्या वासरांपैकी कालवडी ‘भावी उत्पन्न’ या सदरात दिसतात. गोऱ्हे, म्हणजे नर वासरे, मात्र कोणत्याच रकान्यात नाहीत, आणि ते तर सुमारे निम्मे असणार.

नोकरीत असताना खटाव तालुक्यातल्या एका गोठ्यावर मला कासदाहाच्या गाईसाठी बोलावले होते. कोपऱ्यात दोन दिवसांचा गोऱ्हा पडला होता. नाळ अजून ओली, डोळे खोल गेलेले, आणि तोंडात बोट घातले तर ते चोखण्याचेही त्राण त्याच्यात नव्हते. त्याला चीक, म्हणजे विल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजलाच नव्हता. मी गाईला सुई दिली, चिठ्ठी लिहिली आणि निघालो. बोलावणे गाईचे होते, म्हणून गोऱ्ह्याविषयी अवाक्षर काढले नाही. ती चूक माझी, मालकाची नंतर.

खिल्लार या देशी जातीच्या गोऱ्ह्याला पुसेगाव-खरसुंडीच्या जत्रेत गिऱ्हाईक असते. होल्स्टीनच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही म्हणून जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि शेतात आता ट्रॅक्टर आहे. 2015 पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. कायद्याने मारता येत नाही आणि पोसणे परवडत नाही, अशा वेळी त्याला गुपचूप उपाशी ठेवले जाते किंवा रात्री रस्त्यावर सोडले जाते. याला मी कायद्याचा दोष मानत नाही. हिशेबात जागा न ठेवणाऱ्याचा मानतो.

शिवाय वासरू दगावले की पुष्कळ म्हशी आणि काही गाई पान्हा चोरतात, म्हणजे दूध सोडत नाहीत; मग कोणीतरी ऑक्सिटोसिनची, म्हणजे पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाची, बाटली आणून देतो. त्या वाटेला जाऊ नकोस. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक सुई टोचणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावरही सरकारजमा होते.

करायचे ते एवढेच. रेतन करताना लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे मादी वासरू व्हावे म्हणून वेगळे काढलेले वीर्य, वापर. ती महाग पडते आणि गाभण राहण्याचे प्रमाण थोडे घटते, पण शंभरात साधारण नव्वद कालवडी होतात. तरीही जो गोऱ्हा जन्मेल, त्याला पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात जाण्याची क्षमता दिवसभरात संपते. तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटर चीक लागतो. पुढे रोज तीन लिटर दूध धरले तर दोन महिन्यांत एकशे ऐंशी लिटर होतात. आजच्या दराने ते खर्चात लिही. त्यापुढे त्याला कोण सांभाळणार आणि त्याचा चारा कुठून येणार, तेही आताच ठरव. आकडे जमत नसतील तर दहाऐवजी आठ गाई घे.

वाढ्यांविषयी जाता जाता: त्यांतले ऑक्झलेट शरीरातला कॅल्शियम अडवते, म्हणून नुसत्या वाढ्यांवर गाई ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी मी कराडला येणार आहे. शेडचा नकाशा घेऊन ये. वासरांचा कप्पा वाऱ्याच्या आडोशाला कुठे पाडायचा, ते जागेवरच पाहू.

तुझा,
एक जुना पशुवैद्य