डोळा कुठला, ते आधी सांग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्हिडिओ सिग्नलच्या आय पॅटर्नचा (बिट एकावर एक ठेवून काढलेल्या, डोळ्यासारख्या आलेखाचा) डोळा मिटलाय आणि सीआरसीच्या (बिट बिघडले का ते पकडणाऱ्या तपासणी-अंकाच्या) चुका मात्र शून्य, यातलं खोटं कोण, असं विचारतोस. खोटं कुणीच नाही. पण मोजलंस कुठे, हे अख्ख्या पत्रात एकदाही लिहिलेलं नाही! सिग्नल निघतो तिथे, की केबलच्या दुसऱ्या टोकाला?

एसडीआयचे, म्हणजे स्टुडिओत केबलमधून जाणाऱ्या डिजिटल व्हिडिओ सिग्नलचे, 800 मिलीव्होल्ट, वर-खाली 10 टक्के, हे निघतानाचे. एचडीत सेकंदाला 1.485 गिगाबिट धावतात. लांबलचक केबलच्या शेवटापर्यंत वरच्या फ्रिक्वेन्सी तिने खाऊन टाकलेल्या असतात, तिथे डोळा मिटलेलाच दिसणार. रिसीव्हरमधला इक्वलायझर, म्हणजे केबलने खाल्लेल्या फ्रिक्वेन्सी भरून काढणारं सर्किट, तो पुन्हा उघडतो, बिट नीट वाचले जातात, ओळीओळीचा सीआरसी जुळतो. शून्य चुका म्हणजे इक्वलायझर आजच्या दिवशी पुरला, एवढंच. तो कितपत दमलाय हे शून्य सांगत नाही. काही वेव्हफॉर्म मॉनिटर (सिग्नल मोजायची यंत्रं) तर इक्वलायझरनंतरचाच डोळा दाखवतात.

असाच एक टपोरा डोळा बघून मी एकदा सही ठोकली होती. चित्रही काचेसारखं स्वच्छ होतं. थेट प्रक्षेपणाच्या सकाळी कुणीतरी मध्ये एक पॅचची केबल वाढवली. आधी पडद्यावर ठिपके चमकले, मग सगळं काळं. डिजिटल सिग्नल हळूहळू आजारी पडत नाही रे, कड्यावरून कोसळतो. वेळ कमी होता, यंत्र उसनं आणलेलं होतं, वर कुणी विचारलंही नाही, हे सगळं मी आजही सांगतो आणि ते खरंच आहे. पण डोळा इक्वलायझरच्या आधीचा की नंतरचा, ते त्याच पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

म्हणून पुन्हा विचारतो, कुठे मोजलंस? जिटर, म्हणजे बिटच्या वेळेची थरथर, 0.2 यूआय (1 यूआय म्हणजे एका बिटचा वेळ) म्हणतोस. कुठल्या फिल्टरने? 10 हर्ट्झपासून वरचा मोजलास तर तो टायमिंग जिटर, एचडीत त्याला 1 यूआयपर्यंत मुभा आहे. 100 किलोहर्ट्झपासून वरचा मोजलास तर अलाइनमेंट जिटर, आणि 0.2ची मर्यादा त्याची. फिल्टर लिहिला नाहीस तर तो आकडा वहीतून खोडून टाक.

पीएसएनआरवरचा (मूळ चित्राशी पिक्सेलगणिक तुलना करून काढलेल्या दर्जाच्या आकड्यावरचा) तुझा लांब परिच्छेद मी सोडून देतोय. फ्रेम एका पिक्सेलने सरकली तरी तो आकडा कोसळतो आणि बघणाऱ्याला फरकही कळत नाही. तुझं दुखणं ते नाही.

आता चेकफील्ड पॅटर्न, म्हणजे सिग्नलला मुद्दाम छळणारं चाचणी-चित्र, लाव. त्याचा अर्धा भाग इक्वलायझरचा घाम काढतो, अर्धा पीएलएलचा, म्हणजे बिटचा ताल धरणाऱ्या सर्किटचा. मग त्याच जातीची केबल थोडी थोडी वाढवत जा, सीआरसीची पहिली चूक दिसेपर्यंत. तोवर जितके मीटर जोडलेस, तितकंच तुझं मार्जिन. कंटाळवाणं काम आहे, दुपार जाईल. जाऊ दे.

आकडा कळव. आणि डोळ्याचा फोटो पाठवशील तेव्हा कुठल्या टोकाचा, ते त्याच्यावरच लिही.

तुझा,
एक जुना मोजणीवाला