अब्जाधीश मालक झाला की बातम्या खरंच बदलतात का?

तुम्ही विचारलंय की एखाद्या बड्या उद्योगपतीने वाहिनी किंवा वृत्तपत्र विकत घेतलं, तर तो रोजच्या बातम्यांत खरोखर हात घालतो का, की ही नुसती लोकांची शंका. आणि घालत असेल तर साध्या वाचकाला ते कसं कळावं.

मी काही वर्षं एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. ‘ही बातमी लावू नका’ असा मालकाचा फोन डेस्कवर आलेला मी कधी ऐकला नाही. पण त्यावरून मालक दूर राहतो असं समजू नका. फोन करायची पाळीच येत नाही.

संध्याकाळी पानांची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, यायची ती जाहिराती बसवूनच. उरलेल्या जागेत बातम्या. डमी पाहिली की उद्याच्या अंकात कोण पाहुणा आहे ते कळायचं. अर्धं पान घेतलेल्या बिल्डरच्या साइटवर अपघात झाला, तर बातमी दाबली जात नसे. ती ‘शहरातील एका बांधकामावर’ अशी सिंगल कॉलममध्ये यायची. नाव डेस्कने कापावं लागत नव्हतं, वार्ताहराच्या कॉपीतच ते नसायचं.

आणि का असावं? तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन म्हणजे गाडीच्या पेट्रोलला पुरलं तर पुरलं. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट ठरलेलं. जाहिरात देण्याइतका पैसा तालुक्यात असतो चार जणांकडे: कारखान्याचा चेअरमन, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, सहकारी बँकेचा सर्वेसर्वा आणि एखादा बिल्डर. बऱ्याच ठिकाणी हे चारही एकाच घरात जेवतात. मग कारखान्याने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, थकवल्याची बातमी त्या वार्ताहराने लिहायची कशी? लिहिलीच तर ‘शेतकरी संघटनेचा आरोप’ म्हणून लिहायची आणि खाली चेअरमनचा खुलासा दुप्पट लांबीचा.

पैसेवाल्यांचा प्रभाव म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अंबानी-अदानी येतात, म्हणून हे आधी सांगितलं. गावपातळीवरचा अंबानी वाचकाच्या जास्त जवळचा असतो आणि त्याच्याबद्दल दिल्लीतून कोणी काही लिहीत नाही.

निवडणुकीत तर याचं उघड दरपत्रक झालं होतं. पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापायचा, त्याला ‘पॅकेज’ हा आमच्याकडचा शब्द. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मोठ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. त्यांनी आरोप नाकारला. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. मला जास्त बोचतं ते प्रेस कौन्सिलचं वागणं. तिच्याच दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर वृत्तपत्रांची नावं घेऊन अहवाल लिहिला, आणि २०१० मध्ये कौन्सिलने त्याची नावं गाळलेली बारीक आवृत्ती पुढे केली. मूळ अहवाल बाहेर आला तो माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडून बातमी काढायला माहिती अधिकार वापरावा लागला.

आता मोठ्या मालकांकडे येतो. एनडीटीव्हीचं प्रकरण नीट पाहा, कारण त्यात ताबा कसा जातो हे कागदोपत्री दिसतं. २००९ साली वाहिनीचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय यांच्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या एका अपरिचित कंपनीकडून सुमारे ४०४ कोटी रुपये बिनव्याजी घेतले. कशासाठी, तर आधीचं बँकेचं कर्ज फेडायला. विश्वप्रधानकडे तो पैसा आला होता रिलायन्सशी संबंधित कंपनीकडून. बदल्यात रॉय यांनी वॉरंट, म्हणजे पुढे शेअर घेण्याचे हक्क, लिहून दिले: सावकाराला वाटेल तेव्हा त्याचे शेअर करून आरआरपीआरचा ९९.९९ टक्के हिस्सा घेता येईल. आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर होते. पुढे विश्वप्रधानचे मालक बदलले, वाहिनी सरकारवर टीका करत राहिली, प्रेक्षक पाहत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली, सुमारे ११४ कोटींना, आणि वॉरंट वटवायला काढले. एनडीटीव्हीने जाहीर केलं की हे रॉय दांपत्याला न विचारता झालं. विचारण्याची अट त्या करारात नव्हतीच, असं समोरच्यांचं उत्तर. नियमाप्रमाणे बाकीच्या भागधारकांकडून आणखी २६ टक्के शेअर घ्यायचा खुला देकार आला, नोव्हेंबरअखेर रॉय दांपत्य आरआरपीआरच्या संचालक मंडळावरून गेलं, पाठोपाठ वाहिनीचे नावाजलेले अँकर रवीश कुमार यांनी राजीनामा दिला, आणि डिसेंबर संपता संपता रॉय यांनी आपले उरलेले बहुतेक शेअरही अदानींना विकले.

म्हणजे ज्या वाहिनीला लोक निर्भीड म्हणत होते तिचा सातबारा तेरा वर्षं दुसऱ्याच्या कपाटात होता. त्या तेरा वर्षांत एकही बातमी त्या कर्जामुळे अडली, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला पुरावा नाही. पण मालक कोण, हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आधीचा प्रश्न असतो, पैसे कोणाचे देणं आहेत. नेटवर्क१८ चंही तेच झालं. २०१२ मध्ये कर्जात बुडालेल्या समूहाला रिलायन्सने एका ट्रस्टमार्फत पैसा पुरवला, २०१४ मध्ये थेट ताबा घेतला.

यावर कायदा का करत नाहीत, असं कोणी म्हणेल. एकदा केला होता, आणि तो मोडून काढला पुण्याच्या ‘सकाळ’ने! वृत्तपत्रांची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या पहिल्या प्रेस आयोगाचं म्हणणं होतं की मोठ्या भांडवलाचे पेपर जाहिरातींच्या जोरावर कमी किमतीत जास्त पानं देतात आणि लहान पेपर मरतात. म्हणून १९५६ मध्ये कायदा आणि १९६० मध्ये आदेश आला: अमुक किमतीला अमुकच पानं. या आदेशाने ‘सकाळ’ची अडचण झाली. सात नव्या पैशांचा, जेमतेम बावन्न हजार खपाचा, कुठल्याही पक्षाचा नसलेला नानासाहेब परुळेकरांचा पेपर. एक तर किंमत वाढवा नाही तर पानं कमी करा. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये जिंकले. खप हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे, लहान पेपरना आधार देण्याच्या नावाखाली दुसऱ्याचा खप कमी करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

माझ्या मते निकाल योग्य होता. किती पानं छापायची हे ठरवण्याची किल्ली सरकारच्या हातात असती तर आणीबाणीत सेन्सॉरची गरजही पडली नसती, कागदच तोडला असता. पण निकालाने प्रेस आयोगाची मूळ तक्रार खोटी ठरली नाही. तिला दुसरं उत्तर शोधायला हवं होतं, ते आजवर कोणी शोधलेलं नाही. ट्राय या दूरसंचार आणि प्रसारण नियामक संस्थेने २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारला मालकीविषयी शिफारशी दिल्या: राजकीय पक्षांना प्रसारणात येऊ देऊ नका, उद्योगसमूहांच्या शिरकावावर निर्बंध आणा, एकाच घराकडे एकाच बाजारातलं सगळं जाऊ देऊ नका. काँग्रेस आघाडीचं सरकार असो की भाजपचं, दोघांनीही त्या शिफारशी अमलात आणल्या नाहीत. दोघांनाही मालक लागतातच.

श्रीमंत मालक म्हणजे गप्प पेपर, असंही नाही. रामनाथ गोएंका काही गरीब नव्हते. त्यांच्याच ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये १९८१ मध्ये संपादक अरुण शौरींनी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टचं प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले पायउतार झाले. त्याच गोएंकांनी पुढे शौरींना दोनदा घरी पाठवलं. छापायचं बळही मालकाचं आणि घालवायचा हक्कही मालकाचा. संपादकाला यातलं फक्त एक निवडता येत नाही, दोन्ही घ्यावीच लागतात.

राहिलं वाचकाने काय करायचं ते. खोटी बातमी शोधत बसू नका, ती क्वचित सापडते. न आलेली बातमी शोधा. एखाद्या उद्योगसमूहावर, कारखान्यावर किंवा बँकेवर कारवाई झाली त्या दिवशी तुमचा पेपर आणि वेगळ्या मालकाचा पेपर शेजारी ठेवा. नाव मथळ्यात आहे की सहाव्या परिच्छेदात, एवढंच बघा. रिअल इस्टेटच्या पुरवणीत कधीही कोणताही प्रकल्प रखडलेला नसतो, हेही पाहून ठेवा. मोठ्या वाहिन्यांच्या बऱ्याच कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. दर तिमाहीला कोणाकडे किती शेअर, हे मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट दिसतं, फक्त तिथे दिसणाऱ्या कंपनीच्या मागची कंपनी आणि तिचं कर्ज खणत जावं लागतं. आणि ग्रंथालयात जुने अंक असतील तर मार्चच्या पहिल्या दिवसांतले काढा. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘फॉर्म ४’ नावाची चौकट असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं. ती चौकट मी स्वतः पानात लावलेली आहे. जागा नसेल तर निविदा सूचनांच्या खाली, असा शिरस्ता होता.