"टॉर्च पॉझिटिव्ह आला, आता लेकरू टिकन काय?"

यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की बाईनं पिशवीतून कागद काढला, की तो मला ओळखू येतो. गर्भ पडतो, कुणीतरी टॉर्चची तपासणी, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, सांगतं, कापसाच्या चुकाऱ्यातले हजार-दोन हजार रुपये जातात आणि हाती रिपोर्ट येतो: टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस. दोन-तीन नावांपुढे 'पॉझिटिव्ह'. मग घर निकाल देऊन मोकळं होतं, सुनेच्या रक्तात दोष आहे.

अशीच एक सून सासूसोबत आली, तेव्हा तिचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आत गेले होते. बोलत होती सासू.

"मॅडम, हिच्या रक्तात किडे निंघाले म्हणते. माह्या पोराचा वंश कसा वाढन?"

मी सुनेला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"माह्यामुळंच गेले जी."

माणूस रिपोर्टनं खचत नाही, त्याचा जो अर्थ लावतो त्यानं खचतो, या विचारावर माझं काम उभं आहे. म्हणून मी धीर द्यायची घाई केली नाही. 'माझ्यामुळं' हे कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, हेच विचारत राहिले. तिला उत्तर सापडायचं, पण घरी गेली की पुन्हा तेच. पुढच्या वेळी मी सासूला समोर बसवलं.

"आई, तुमच्या दंडावर हे काय?"

"देवी काढल्या होत्या लहानपणी."

"मग तुम्हाला आता देवीचा आजार आहे?"

"काहून असन? टोचलं म्हणून तं झाला नाही."

"हिच्या रिपोर्टात आयजीजी लिहिलंय, तो असाच व्रण आहे, रक्तातला. रोग कधीतरी येऊन गेला, नाहीतर लस मिळाली. सीएमव्हीची ही खूण आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत सापडते, तुमच्यातही सापडेल. तुम्हाला लेकरं किती?"

"चार."

ती बराच वेळ दंड चोळत राहिली. मग म्हणाली, "मंग हिचं काय चुकलं?"

सून तेव्हा पहिल्यांदा रडली. मी कितीही समजावलं असतं तरी हे एक वाक्य सासूच्याच तोंडून यायला हवं होतं. दोषाची भावना घरातून आलेली असते, ती घरातच सुटते, हे माझ्या कामानं मला पक्कं शिकवलं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते. दोनदा असं झालं तर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची रचना तपासतात. आयजीएम, म्हणजे नुकत्याच झालेल्या लागणीची खूण, पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. ती कधी कधी खोटीही येते, त्यामुळे त्या एका ओळीवर गर्भ पाडायचा निर्णय घेऊ नका.

रुबेलाच्या बाबतीत तर जिची आयजीजी निगेटिव्ह, तिनंच जपायचं. पहिल्या 12 आठवड्यांत लागण झाली तर बाळाचे डोळे, कान, हृदय धोक्यात येतात. 1941 साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांवरून हे ओळखलं. लस गर्भ राहण्याआधी घ्यायची, नंतर महिनाभर थांबायचं. गरोदरपणात ती देत नाहीत. अंगावर पुरळ आणि ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

मला खरा त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. टॉर्चला पैसे मोजणाऱ्या घरात गरमीची, म्हणजे सिफिलिसची, व्हीडीआरएल ही रक्ततपासणी राहून जाते. या सुनेचीही कुणी केली नव्हती. हा आजार पोटातलं बाळ दगावायला कारण होतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो. एचआयव्हीवर गोळ्या सुरू केल्या तर बाळाला बहुतेक वेळा वाचवता येतं. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस हवी. सरकारी दवाखान्यात या तपासण्या फुकट होतात. गर्भ राहिल्याचं कळताच आशाताईंना सांगा आणि नाव नोंदवा.

आणि नवऱ्यालाही सोबत आणा. गरमी निघाली आणि उपचार एकट्या बाईचाच झाला, तर ती नवऱ्याकडून पुन्हा लागू शकते.