‘नीडलेसली’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कधी वापरायचा?

‘नीडलेसली’ म्हणजे गरज नसताना, विनाकारण. बोलताना आपण ‘उगाच’ म्हणतो तेच. जळगावात बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी केळीचंच उदाहरण देतो. ठिबक चालू असताना वर मोकाट पाणीही सोडलं, तर ते पाणी ‘नीडलेसली’ गेलं. पाणी देऊनही बाग उन्हाने करपली तर मात्र ‘इन व्हेन’, म्हणजे व्यर्थ. तिथे गरज होती, उपयोग झाला नाही. (पेपरात मुलं हमखास इथेच घसरतात.) ‘अननेसेसरिली’ अर्थाने जवळजवळ तेच, पण ‘नीडलेसली’त ‘हे टाळता आलं असतं’ ही हळहळ जास्त, म्हणून ‘सफर’ (सोसणं), ‘डाय’ (मरणं) अशा क्रियापदांसोबत ते बरंच दिसतं. विशेषणाआधीही चालतं: ‘नीडलेसली कॉम्प्लिकेटेड’. फक्त ‘नीडलेस टू से’ वेगळं, त्याचा अर्थ ‘सांगायलाच नको’.