तीनशे किलो कागद आणि जहाजाचा नांगर

प्रश्न: मागच्या अंकात पोलंडच्या भूमिगत चळवळीवरच्या लेखात ‘जर्मन अमलातही साप्ताहिक हजारोंनी छापलं जाई’ असं एकच वाक्य होतं. आमचा जुना छापखाना आहे. ट्रेडल (पायाने चालणारं छपाईयंत्र) सुरू झाली की आवाज तीन घरं पलीकडे जातो. मग हे लपून जमायचं कसं?
– एक मुद्रक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर: आवाजाची अडचण होतीच, पण तिचा नंबर दुसरा. पहिला नंबर कागदाचा.

ते साप्ताहिक म्हणजे ‘ब्युलेतिन इन्फोर्मात्सिइनी’. नोव्हेंबर १९३९ मध्ये, म्हणजे वॉर्सा पडून सव्वा महिना होतो न होतो तोच ते सुरू झालं. संपादक होते स्काउट चळवळीतले अलेक्सांदर कामिन्स्की. पुढे ते ‘अर्मिया क्रायोवा’ या भूमिगत सेनेचं मुखपत्र झालं आणि खप ४० हजारांच्या पुढे गेला. आता तुमच्या धंद्यातला हिशेब करू. समजा, अंक आठ छोट्या पानांचा, म्हणजे ए-फोरचे दोन ताव दुमडून. ४० हजार प्रतींना ८० हजार ताव, म्हणजे पाचशे तावांचे १६० रीम. साठ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साठ ग्रॅमचा, हलका कागद धरला तरी वजन ३०० किलोच्या आसपास, आणि तेही दर आठवड्याला. एवढा कागद रेशनिंगच्या काळात काळ्या बाजारातून उचलायचा, आणि ज्या घरात कागदाचं काही कामच नाही तिथे तो उतरवायचा. हातगाडी एकाच दारात दुसऱ्यांदा थांबली तर समोरच्या खिडकीतला माणूस विचार करू लागतो. म्हणून गुप्त छापखान्याला वर एखादा उजळ धंदा असला तर बरं पडे. तिथे माल येणं-जाणं आणि यंत्राची घरघर, दोन्ही खपून जात.

सुरुवात सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई उतरवून प्रती काढणाऱ्या साध्या यंत्रावर झाली. टाइपरायटरची रिबन काढून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं. अक्षर मेण कापतं आणि तेवढ्याच जागेतून शाई झिरपते. हात जड पडला की ‘ओ’चं पोट गळून पडतं आणि छापात काळा ठिपका उमटतो. हात हलका पडला तर अक्षर उठतच नाही. कागद शाई पिणारा लागतो, गुळगुळीत घेतला तर वरच्या तावाच्या पाठीवर खालची शाई उतरते. शिवाय हजारेक प्रतींनंतर स्टेन्सिल सैल पडतं. चाळीस हजारांचं काम असं होत नाही, त्याला खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, आणि मशीनच हवं. त्यासाठी भूमिगत सेनेची स्वतंत्र छपाई यंत्रणा उभी राहिली. प्रमुख येझी रुत्कोव्स्की. वॉर्सात तिचे एकाहून अधिक छापखाने होते, त्यामुळे एक पकडला गेला तरी अंक थांबत नसे.

धोका कुठे, ते तुम्हाला सांगायला नकोच: बांधलेलं मॅटर, म्हणजे जुळवून ठेवलेला मजकूर. छापून झालं की खिळे लगेच सोडून केसमध्ये, म्हणजे त्यांच्या खणांच्या पेटीत, टाकायचे, कारण झडतीत गॅलीवर (जुळणीच्या ताटात) उभा मजकूर सापडला तर दुसरा पुरावा लागत नाही. एखादा मोडका खिळा प्रत्येक अंकात तसाच उमटत राहिला तर तीही ओळखीची खूण. नखातली शाई वेगळीच.

बातम्या कुठून येत? पोलिश लोकांकडचे रेडिओ जर्मनांनी जप्त केले होते आणि ऐकताना सापडल्यास मरणाची शिक्षा होऊ शके. तरी काही संच लपवून ठेवले होते. लंडनचं प्रक्षेपण ऐकून कुणीतरी उतरवून घ्यायचं, तेच छापायला जायचं. वाटप बहुतेक मुलींकडे आणि बायकांकडे. प्रत्येकीला आपल्या आधीचा आणि नंतरचा पत्ता तेवढा ठाऊक. मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती देणग्यांच्या पोचपावतीची. अंकातच टोपणनावाने ‘अमुक मिळाले’ असं छापून येई. बेकायदा पत्राचा जमाखर्च इतका चोख!

प्रश्न: शाळेच्या प्रदर्शनात भिंतीवर ‘कोटविका’ चिन्ह स्टेन्सिलने काढायचं आहे. अर्थ आणि पद्धत सांगाल का?
– एक शिक्षिका, विजापूर रोड

उत्तर: उच्चार ‘कोत्फित्सा’. अर्थ नांगर, पण शेतातला नव्हे, जहाजाचा. इंग्रजी पी अक्षराचा दांडा खाली डब्ल्यूला जोडला की नांगर दिसतो. ही ‘पोल्स्का वाल्चोन्त्सा’ म्हणजे ‘लढणारा पोलंड’ची आद्याक्षरं. १९४२ मध्ये हे चिन्ह भिंतींवर येऊ लागलं. रचना आन्ना स्मोलेन्स्का या तरुणीची, ती १९४३ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत मरण पावली.

स्टेन्सिल कापताना पीचं बंद पोट दगा देतं. सायक्लोस्टाइलच्या ‘ओ’सारखंच तेही गळून पडतं. त्याला अर्धा सेंटीमीटर रुंदीचे दोन पूल ठेवा. रंग ब्रशने ओढू नका, पुठ्ठ्याच्या कडेखाली शिरतो. जवळजवळ कोरडा स्पंज टिपत टिपत लावा. ब्रशनेच, हाताने काढलंत तरी चालेल. भिंतीवर घाईने काढलेलं चिन्ह जरा वेडंवाकडंच शोभतं.

सोबत खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा किस्सा लावा, मुलांना आवडेल. वॉर्सातल्या त्याच्या पुतळ्यावर जर्मनांनी जर्मन भाषेतली पाटी ठोकली होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये अलेक्सी दाविदोव्स्की या तरुणाने नट सोडवून ती पळवली. सूड म्हणून जर्मनांनी किलिन्स्की या पोलिश वीराचा पुतळा काढून संग्रहालयात नेला. लगेच संग्रहालयाच्या भिंतीवर मजकूर झळकला: ‘वॉर्साकरांनो, मी इथे आहे’. मग शहरात कोपर्निकसच्या सहीचं पत्रक लागलं की, किलिन्स्कीचा पुतळा हलवल्याबद्दल हिवाळा सहा आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे. १९३० च्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपीवर शिक्षा झालेली ज्या शहराला आठवते, त्या सोलापूरला एका चिन्हाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

प्रश्न: कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिलेले पोलिश लोक या भूमिगत सेनेतलेच ना?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: नाही. ही गल्लत नेहमी होते. वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना घराबाहेर काढलं ते जर्मनांनी नव्हे, सोव्हिएत सत्तेने. १९४० - ४१ मध्ये पूर्व पोलंडमधून त्यांना सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर सुटका झाली आणि इराणमार्गे ती इकडे आली.

प्रश्न: वॉर्सातला १९४३ चा उठाव आणि १९४४ चा उठाव एकच का?
– एक विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर: दोन वेगळे. १९ एप्रिल १९४३ चा उठाव ज्यू वस्तीतल्या लढवय्यांचा. १ ऑगस्ट १९४४ चा अर्मिया क्रायोवाचा, तो ६३ दिवस चालला. त्या दिवसांत वर सांगितलेलं साप्ताहिक दैनिक झालं आणि उघडपणे निघू लागलं.